माझ्या भावाचा सत्कार

आमच्या गावच्या फाट्यावर माझ्या भावाचा फ्लेक्स लागला, त्या दिवसापासून त्याचं दारू सोडणं बिघडत गेलं. हे मी गावात तोंडाने बोलले तेव्हा लोकांना राग आला. आता लिहून ठेवते. ज्याला राग यायचा त्याला पुन्हा येऊ दे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.ए. झाले, बी.एड. झाले, साकोलीला एका शाळेत शिकवते. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. माय दुसऱ्यांच्या बांध्यांत कंबर वाकवून धानाची रोवणी करायची आणि मी घरी परीक्षेचा अभ्यास करायचे. तिच्या कमरेचं जे झालं ते पाहता मिरवलं नाही तर तिचाच अपमान होईल. घरातली शिकलेली म्हणून भावाला व्यसनमुक्ती केंद्रात नेण्याचं काम माझ्यावर आलं. पुढे घरातली शिकलेली म्हणूनच माझं कोणी ऐकलं नाही.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. आमच्याकडे मोठ्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात, तसा तो मला बाई म्हणतो. सानगडीच्या बाजारात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातला पंप जळाला की त्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार एकेका खाचेत बसवायची, तीही अशी की तिला कुठे ओरखडा पडता कामा नये. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत त्याच्या दुकानासमोर जळक्या मोटरींची रांग असे. दिघोरीकडची माणसंही मोटर घेऊन त्याच्याकडेच येत. पण सकाळी तोच हात इतका थरथरायचा की तार धरता येत नसे. मग एक क्वार्टर. मग हात थांबायचा, मग काम सुरू.

"पहिले मिस्तरीले पाणी दाखवा," शेतकरी म्हणत, "मंग मोटर पाणी दाखवन."

सगळे हसायचे, तोही हसायचा. पाजणारे तेच असत, कारण त्यांना दुपारपर्यंत मोटर पाहिजे असे.

आमचे वडील आम्ही शाळेत असताना गेले. कशाने गेले ते घरात नीट बोलत नाहीत. ‘पोटाच्या दुखण्यानं’ म्हणतात. पोट कशाने दुखत होतं ते गावाला माहीत आहे.

केंद्र भंडाऱ्याच्या बाहेर, जवाहरनगरच्या बाजूला, एका भाड्याच्या दुमजली घरात होतं. बाहेरून मंगल कार्यालयासारखा गुलाबी रंग. दारातच भावाचा पट्टा, मोबाइल आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या काढून घेतल्या. पट्टा दिला, मोबाइल दिला. खर्र्यावर अडून बसला.

"बाई, दारू एखाद्या वेळी सुटन. खर्रा घेतला तं मी इथंच मरतो."

"मर," मी म्हटलं. "पण आत जाऊन मर."

मागे त्याची बायको उभी होती. तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ती त्या दिवशी पहिल्यांदाच हसली, तेही पदराआड.

पहिले काही दिवस तो डॉक्टरांच्या गोळ्यांवर होता. केंद्र चालवणारे सर स्वतः एकेकाळचे पिणारे, ट्रक चालवायचे. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरी एका झटक्यात बंद करायची नसते. झटके येतात, भास होतात, माणूस जातो. उतरवायची ती डॉक्टरच्या नजरेखालीच. मी हे घरी येऊन मायला सांगितलं आणि मोठेबांनाही सांगितलं. वर्गात सांगते तसं दोनदा सांगितलं.

मोठेबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, गावच्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. विहाराची फरशी त्यांनी बसवून घेतली, पोरांसाठी वाचनालय त्यांनी काढलं. बारावीनंतर माझं लग्न ठरत होतं तेव्हा ‘पोरगी शिकन’ म्हणून दारातून पाहुणे परत पाठवले तेही त्यांनीच. त्यांच्यावर नुसतं चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊ तीन महिने केंद्रात राहिला. मी भेटायला गेले तेव्हा त्याने स्वतः चहा केला, माझा कप स्वतः विसळला. ज्याने घरी पाण्याचा गिलास कधी उचलला नाही तो.

"घरी बायकोले सांगू नको," म्हणाला. "सवय लागन तिले."

सुट्टी द्यायच्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, इथं दारू भेटत नाही म्हणून तो पेत नाही. खरं काम घरी गेल्यावर सुरू होते. दर इतवारी मीटिंगले पाठवा. वर्षभर एकही इतवार चुकू द्याचा नाही. आणि त्याले कोठं पुढं बसवू नका."

"पुढं म्हणजे?"

"मंचावर, भांडणात, समितीत, कोठंच. दारुड्याले शिव्या पचतेत. हार पचत नाही."

मला ते तेव्हा जरा बोलण्याची स्टाइल वाटली.

पहिले काही महिने मीही अधूनमधून त्याच्यासोबत गेले. घरच्यांना महिन्यातून एकदा बसू देत. सतरंजीवर गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा. कोणी म्हणे, "परवा साळ्याच्या लग्नात गेलो, बाटली पाहून तोंडाले पाणी सुटलं." कोणी विचारे, "कोणती होती?" हसणं व्हायचं आणि तो माणूस हलका झाल्यासारखा मांडी बदलून बसायचा. ‘माझं सगळं ठीक आहे’ असं कोणी म्हटलं की मात्र सगळे त्याच्याकडे संशयाने पाहत. एकदा भाऊ म्हणाला, "मोटरीत वार्निश टाकतो ना, त्याच्या वासानंबी मले दारू आठवते." बी.एड. झालेली बहीण शेजारी बसली होती, तिला हे कधी माहीत नव्हतं. त्या सतरंजीवर मला भाऊ पहिल्यांदा नीट दिसला.

गावात त्याच्या रविवारची गंमत होती. बसमध्ये चढला की कोणीतरी विचारायचं, "कुठं निघाले?"

"मीटिंगले."

"दर इतवारी मीटिंग? आमदार झाला काय बे?"

"आमदार पेते, मी नाही पेत," भाऊ म्हणायचा. पुढची सीट, मागची सीट, सगळे हसायचे. हे चाललं होतं ते चांगलं होतं. हिवाळा गेला, उन्हाळी धान निसवलं, हाताची थरथर गेली. बायको दुकानात डबा घेऊन जाऊ लागली आणि त्याच्या शेजारी बसून काम पाहू लागली.

मग बुद्धपौर्णिमा आली.

आमच्या विहारात पौर्णिमेला सगळा मोहल्ला पांढऱ्या कपड्यांत जमतो. वंदना होते, पंचशील म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हापासून ही पाच शीलं आम्ही पाळण्यात ऐकली आहेत. पाचवं शील दारूचं. पाचव्या शीलाशी आलं की पुरुषांच्या बाजूचे काही आवाज बारीक होतात. हे आमच्या मोहल्ल्यात लहान पोरालाही माहीत आहे. कोणाचा आवाज बारीक झाला ते बायका मान न वळवता ओळखतात. मोठेबांना ते कायम टोचायचं. त्यांच्या सख्ख्या भावाचाच आवाज तिथे आयुष्यभर बारीक झाला होता.

पौर्णिमेआधी ते आमच्या अंगणात येऊन बसले.

"यंदा पाचवं शील हा म्हणन," भावाकडे बोट करून म्हणाले. "माइकवर. एकटा. मागून सगळे म्हणतीन. मंग सत्कार. शाल, पुष्पगुच्छ. साकोलीहून पाहुणे बोलावले."

मी म्हटलं, "मोठेबा, सरांनी सांगितलं आहे. वर्ष होईपर्यंत याला कुठं पुढं बसवायचं नाही."

"तो नालीत पडला होता तेव्हा सारं गाव पाहायले उभं होतं. तेव्हा कोणी म्हटलं काय, नका पाहू म्हणून? आता उभा झाला तं लपवून ठेवाचं? कायले?"

"लपवू नका. मिरवूही नका."

"तू साकोलीले राहतं. इथं आमाले तोंड दाखवा लागते."

मी मायकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती, उठून आली. म्हणाली, "या गावाचं लय ऐकलं मी. तुमच्या बापापायी ऐकलं, याच्यापायी ऐकलं. एक दिवस चांगलं ऐकू द्या ना मले."

यावर कोणत्या डिग्रीत उत्तर आहे? मी भावाला विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "माय म्हणते तं..." आणि मुलीच्या चपलेचा बंद लावत बसला.

मोठेबांनी मला सूत्रसंचालन करायला सांगितलं. घरची बी.ए. असताना बाहेरचा माणूस कशाला, म्हणाले. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नळावर चुलतभावाची बायको मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "भावाचं नाव होऊन राहिलं तं बाईच्या पोटात दुखते."

कार्यक्रम मी शेवटच्या रांगेत बसून पाहिला. खोटं कशाला बोलू, भाऊ सुंदर दिसत होता. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. त्याने पाचवं शील म्हटलं तेव्हा आवाज असा खणखणीत निघाला की मागून म्हणणारे बारीक आवाजही मोठे झाले. वंदनेत टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. माय रडली. मीही रडले असेन, आठवत नाही.

मग शाल पांघरवली. पाहुण्यांनी भाषण केलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, की गावात दारूबंदी समिती होणार आणि तिचा अध्यक्ष हाच. भावाच्या हातात माइक दिला. तो म्हणाला, "मी अजून..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "मी अजून पुरा..."

मोठेबांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, माइक घेतला आणि म्हणाले, "लाजून राहिला पोरगा." सगळे हसले. टाळ्या.

त्याला काय म्हणायचं होतं ते त्या मंडपात दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याच्या बायकोला. तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

दोन दिवसांत फाट्यावर फ्लेक्स लागला. बस थांबते तिथेच, दोन बांबूंना बांधलेला. वर विहाराचं चित्र, एका बाजूला मोठेबा, एका बाजूला पाहुणे आणि मध्ये माझा भाऊ, माणसापेक्षा मोठा, शाल पांघरून हात जोडलेला. ‘व्यसनावर विजय मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

पहिला रविवार चुकला तो शेजारच्या गावात भाषणाला बोलावलं म्हणून. दुसरा चुकला तो समितीची बैठक म्हणून. तिसऱ्या रविवारी तो बसमध्ये चढला, तर एक म्हातारे त्याला उठून जागा देऊ लागले. "बसा जी, अध्यक्ष. काहून, भंडाऱ्याले? आता तुमी तं सुधारले ना? आता कायले जाता त्या लोकांत?"

भाऊ पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आला. हे मला त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं. मी शनिवारची अर्धी शाळा करून त्याच्या दुकानात गेले. तो तार गुंडाळत होता, बायको डब्याजवळ बसली होती.

"इतवारी काहून गेला नाही?"

"काम होतं."

"खरं सांग."

त्याने हातातला वेढा संपवला, मग म्हणाला, "बाई, तिथं काय सांगा लागते तुले माहीत आहे. काल इच्छा झाली, परवा इच्छा झाली. फाट्यावर मी हात जोडून उभा आहो. तो फ्लेक्सवाला माणूस तिथं जाऊन असं कसं सांगन? तिथं आपल्या गावाकडचे दोघं येतेत. त्यायनं फ्लेक्स पाहिला आहे."

"इच्छा होते?"

"सत्कार झाला त्या रात्रीच झाली," तो म्हणाला. "इतकी कधी नव्हती झाली."

मी सरांना फोन केला. सरांनी त्याला फोन केला. त्याने सरांना ‘समितीच्या कामात आहो’ म्हणून सांगितलं. सरांनी मला एवढंच विचारलं, "हार घातला काय त्याले?" मी हो म्हटलं. पलीकडून उसासा आला, तिकडे पातेलं आपटल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "मॅडम, कसंबी करून आणा."

मी तीन वेळा आणायला गेले. एकदा मोठेबांनी सांगितलं, अध्यक्ष असताना तो नशेडींच्या केंद्रात जाऊन बसला तर समितीला कोण विचारील. एकदा मायने सांगितलं, जाऊ दे ना, आता चांगला तर आहे. तिसऱ्या वेळी तो घरी नव्हता.

तो प्यायला ते रोवणीच्या दिवसांत. लांबच्या एका गावात पंप बसवायला गेला होता. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. जिथे त्याचा फ्लेक्स नव्हता अशा गावात जाऊन माझा भाऊ प्यायला.

त्यानंतर तो रोज लांबच्या गावांची कामं घेऊ लागला. येताना पेरूची पानं चावत यायचा. बायकोला पहिल्याच दिवशी कळलं, मायला आठवड्याने, मोठेबांना पंधरा दिवसांनी. मला सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण मी काय करीन ते त्यांना माहीत होतं.

मोठेबांचं म्हणणं एकच, बाहेर जाऊ द्यायचं नाही. समिती नुकतीच पोलिसांकडे निवेदन देऊन आली होती. दारू विकणारे तसेही टपून बसले होते, "अध्यक्षाले विचारा न, कोणती आवडते" म्हणून. तेव्हा त्यांनी ठरवलं की घरातच बंद करायची. धानाची पोती ठेवतो त्या खोलीत खाट टाकली, बाहेरून कडी लावली. जेवण-पाणी खिडकीतून. बायकोने सरांच्या सांगण्याची आठवण करून दिली, झटके येतात म्हणून. तिला सांगण्यात आलं, "तू चूप राह. आमच्या घरचा माणूस आहे." जणू ती बाहेरून पाणी भरायला आली होती.

तिने मला फोन केला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, विहिरीच्या आड उभी राहून. "बाई, ते भिताडावरच्या मुंग्या झाडून राहिले. मुंग्या नाहीत जी तिथं."

मी पोचले तेव्हा अंगणात मोठेबा आणि माय बसले होते. खोलीतून आवाज येत नव्हता. मी म्हटलं, कडी काढा. मोठेबा म्हणाले, "आता शांत झोपला आहे, आजच्या दिवस..." मी कडी काढली.

तो पोत्यांच्या मध्ये पडला होता. झटका येऊन गेला होता. खाटेवरून पडताना धान मोजायच्या लोखंडी काट्यावर डावा हात आपटला होता आणि मनगट विचित्र वळलं होतं. तोंडाला फेस वाळलेला. डोळे उघडे होते, पण मला ओळखलं नाही. माय माझ्यामागून दारापर्यंत आली होती. ती तिथेच खाली बसली.

ऑटो बोलावला. दोघा शेजाऱ्यांनी त्याला उचलून आत ठेवलं. तेव्हाही, त्या क्षणीही, मोठेबा ऑटोवाल्याजवळ जाऊन म्हणाले, "तलावाच्या पाळीवरून ने. फाट्यावरून नको."

पाळीचा रस्ता पावसात चिखलाचा. लांबचाही. मी ऑटोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. शाळेत मी मोठ्या आवाजात बोलते, घरी कधी बोलले नव्हते.

"मोठेबा," मी म्हटलं, "बाबांना पण तुम्ही पाळीवरूनच नेलं होतं."

ऑटोवाला माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, फाट्यावरून चल. फाट्यावर बसची वाट पाहणारे लोक होते. ऑटोला पडदे नव्हते. वर फ्लेक्समध्ये तो हात जोडून उभा होता आणि खाली तो माझ्या मांडीवर पडलेला होता. सगळ्यांनी पाहिलं. पाहू द्यावं म्हणूनच मी तिथून गेले.

सरकारी दवाखान्यात तो वाचला. डॉक्टर तरुण होता, त्याने विचारलं, "किती दिवसांपासून बंद केली होती? कोणाच्या सल्ल्यानं?" मी सांगितलं, घरच्यांच्या. त्याने कागदावरून मान वर करून विचारलं, "घरी कोणी शिकलेलं नाही का?"

मी म्हटलं, "आहे."

दवाखान्यातून थेट केंद्रात. पुन्हा पट्टा, मोबाइल, खर्रा. या वेळी तो कशावरच अडला नाही. पांघरूण सोबत आणा म्हणाले होते, तर बायकोने घाईत हाताला लागली ती सत्काराची शाल पिशवीत टाकली होती. पावसाळ्यात खालच्या हॉलमध्ये गार लागतं. भाऊ तीन महिने तीच पांघरून झोपला. सर म्हणाले, "चांगली आहे, गरम आहे."

मनगट जुळलं, पण बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत. अंगठा आणि बोट यांच्यात तार धरली की सुटते. वाइंडिंग त्या बोटांवरच असतं. आता तो शेजारी बसून सांगतो आणि वेढे त्याची बायको घालते. आधी शेतकरी हसले, नंतर तिने गुंडाळलेली मोटर उन्हाळाभर जळली नाही तेव्हा गप्प बसले. भाऊ तिला शिकवताना चिडतो. हात आपले नसले की माणूस चिडतो. ती म्हणते, "मंग तुमीच करा न," आणि तो पुढची खाच दाखवतो. हे ती रागाने म्हणत नाही, पण त्याला लागतं. आम्हा सगळ्यांनाच लागतं. चांगला कारागीर होता माझा भाऊ. तो हात दारूने घेतला असता तर मी दारूला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

समितीचं पुढे काही झालं नाही. नवीन अध्यक्ष मिळाला नाही. दारू विकणारे आहेत तिथेच आहेत. पौर्णिमेला वंदना होते, पाचव्या शीलाला आवाज पुन्हा बारीक होतात, आणि मोठेबा आता डोळे मिटून म्हणतात. माय सत्काराचा फोटो भिंतीवरून काढत नाही. मी एकदा काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. त्या दिवशी तं तो खरा होता ना." मी राहू दिला.

फ्लेक्स मात्र बायकोने स्वतः जाऊन सोडून आणला, भरदिवसा, कोणाला न विचारता. आमच्याकडे फ्लेक्स फेकत नाहीत. पाणी झिरपत नाही त्यातून. तिने तो गोठ्यामागे तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर घातला आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. पाऊसभर तणस कोरडं राहिलं. म्हशीला चारा काढताना भावाला स्वतःच्याच जोडलेल्या हातांखाली हात घालावा लागतो.

आता तो दर रविवारी जातो. परवाच्या रविवारी मीही सोबत होते, घरच्यांची पाळी होती म्हणून. आम्ही बसलो आणि पुढच्या दाराने मोठेबा चढले. दवाखान्यानंतर ते भावाशी नीट बोलले नव्हते, मला तर टाळायचेच. बसमध्ये गावचीच माणसं. जागा आमच्या पुढचीच होती, बसावं लागलं. मग न बोलणंही बरं दिसेना.

"कुठं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

भाऊ मोठ्या आवाजात म्हणाला, "दारुड्यायच्या मीटिंगले, मोठेबा. काल लय इच्छा झाली होती, ते सांगाचं आहे. तुमी कुठं?"

बस हसली नाही. कंडक्टरने तिकिटाची मशीन हातात धरून थोडं थांबून मग पैसे मागितले. मोठेबांचा कान लाल झाला. ते म्हणाले, "भंडाऱ्यालेच," आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

फाट्यावर त्याच जुन्या दोन बांबूंना नवा फ्लेक्स बांधला होता. कोणाची तरी निवड झाली होती, कोणाला तरी शुभेच्छा होत्या. बस सुटेपर्यंत भाऊ तो वरपासून खालपर्यंत पाहत होता. चेहऱ्याकडे नाही, कडांकडे, दोऱ्या घातलेल्या छिद्रांकडे.

"कपडा जाड आहे, बाई," तो म्हणाला. "दोन पावसाळे आरामात निघतीन."